फळीवरची पेटी

“इथे, बेंबीपाशी.” अकोल्याच्या नर्सिंग कॉलेजात मॅडमनी प्रणालीचा हात पुतळ्याच्या प्लॅस्टिकच्या पोटावर ठेवला. “बाळ आलं, वार पडली, तरी रक्त थांबत नाही. म्हणजे गर्भाशय ढिलं पडलंय. असा हात दाबायचा आणि गोल चोळायचं. घट्ट होईपर्यंत सोडायचं नाही. घाबरून बसलात, तर बाई जाईल.”

“एवढंच?” प्रणालीनं विचारलं.

“पुष्कळदा एवढ्यानंही वाचते.”

मागून प्राजक्ता म्हणाली, “तिले काय शिकवता मॅडम, ते तर दाईची नात आहे.”

सगळ्या हसल्या. प्रणालीचा हात मात्र त्या प्लॅस्टिकवरून निघेना.

तिची आई तिच्याच जन्माच्या वेळी रक्त वाहून गेली होती. बाळंतपण केलं होतं शकुनआजीनं, आईच्या सख्ख्या आईनं. गावातली निम्मी माणसं जिच्या हातांवर जन्मली, तिनं त्यानंतर एकाही बाळंतिणीला हात लावला नाही. दायांना सरकारकडून मिळालेली पत्र्याची पेटी तिच्या फळीवर होती. आतली कात्री अजून कोऱ्या कागदात गुंडाळलेली. लहानपणी प्रणालीनं खेळायला ती पेटी खाली काढली, तर आजी दिवसभर जेवली नाही. आणि हीच आजी, नात बारावी होताच, “तू बाळंतपनाचंच शीक,” म्हणून हटून बसली होती.

शनिवारी अकोल्याहून अमरावती, तिथून चांदूर बाजार, पुढे ऑटोनं गाव. सबंध वाटेत प्रणाली उत्तर जुळवत राहिली. आजी दर खेपेला विचारायचीच.

आजी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

“आली का माय? किती सुकली. तिथं जेवाले देते का नुसतं शिकवते?” तिनं पाणी दिलं. पुन्हा शेंगा हातात घेतल्या आणि वर न पाहता म्हणाली, “रक्त थांबवाचं शिकवलं का आता?”

“शिकवलं.”

“कशानं थांबते?”

“इंजेक्शन असते, आजी. सलाईन, रक्ताच्या बाटल्या. घरी नाही होत ते काही.” प्रणालीनं आवाज कापू दिला नाही. “आईले घरी कोनीच वाचवू शकलं नसतं.”

आजीनं मान हलवली. हातातली शेंग सोलून झाली, दाणे सुपात पडले. मग तिनं प्रणालीचा हात धरला आणि स्वतःच्या पोटावर, बेंबीपाशी ठेवला. त्यावर आपला हात दाबून गोल फिरवू लागली. हळू नाही, जोर लावून. थेट मॅडमनी दाखवलं होतं तसं.

“हे नाही शिकवलं?”

प्रणालीनं आजीच्या तोंडाकडे पाहिलं.

“तुले मालूम होतं?”

“तवा नव्हतं.” आजीचा हात थांबला नव्हता. “तुही माय गेली अन् दोन महिन्यानं दवाखान्यात दायांचं ट्रेनिंग झालं. पयल्याच दिवशी हे शिकवलं. जातानी पेटी देल्ली.”