बिनआरोळीची फौज

चाळीस जण घसा फाटेपर्यंत ओरडले, ढाली बडवल्या, शिंगं फुंकली. आणि चाचणीसाठी बसवलेल्या खेळाडूने जांभई दिली.

"नाडी बहात्तर," त्याच्या बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा आकडा साहेबांनी वाचला. "बाई, हा किल्ल्यात कोंडलाय. बाहेर शत्रूची फौज उभी आहे. आणि याला झोप येतेय!"

ऑफिसात त्यांना सगळे आवाजवाल्या बाई म्हणत. युद्धाच्या या नव्या संगणकखेळातला प्रत्येक आवाज, घोड्याच्या टापेपासून मोडणाऱ्या फळीपर्यंत, त्यांनीच केला होता. घोडं अडलं होतं ते शत्रूच्या आरोळीपाशी.

"शुक्रवारपर्यंत बघतो," साहेब म्हणाले. "नाहीतर काम बाहेर द्यावं लागेल. मग तुमची खुर्ची मलाही वाचवता यायची नाही."

कोपऱ्यात मास्तर बसले होते. इतिहासाचे निवृत्त शिक्षक. खेळात भलत्याच काळातली तलवार जाऊ नये म्हणून त्यांना सल्लागार नेमलं होतं. चष्मा पुसत ते म्हणाले, "जुन्या लढायांत निम्मे लोक ओरडायचे ते स्वतःची भीती घालवायला. गर्जेल तो पडेल काय! ज्याला खात्री असते ना बाई, तो गप्प येतो. सावकाश येतो."

"अगदी खरं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. त्या नेहमी हळूच बोलत. "मी आजवर घरात कधी आवाज चढवला नाही. गरजच पडली नाही."

"भाग्यवान आहात. आमच्याकडे सकाळ उजाडते तीच रणशिंगाने."

सहाला त्या घरी पोचल्या. घर नेहमीसारखं शांत. टीव्ही बंद, चपला रांगेत, लेक पुस्तक उघडून बसलेली, नवरा ओटा पुसत असलेला. दिवसभराचा गोंगाट कानांतून उतरवायला याहून चांगली जागा नाही, असं त्यांना रोज वाटे.

जेवताना त्यांनी अडचण सांगितली. "आरडाओरडा नकोय. नुसतं ऐकून पोटात गोळा यायला हवा."

लेकीने बापाकडे पाहिलं. बापाने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. बाईंची नजर पेल्याखाली गेली. त्याने लगेच ओला डाग पुसला.

"मी बघू का, आई?" लेकीने विचारलं.

"बघ. पण अभ्यास सांभाळून."

गुरुवारी सकाळी लेकीने त्यांच्या फोनवर मिनिटभराचा आवाज पाठवला. "एका इमारतीतला जिना आहे. बाबांनी फोन धरला होता. चालेल?"

बाईंनी ऑफिसात हेडफोन लावून तो ऐकला. बंद दाराच्या आतून टिपलेला. लांबून जिना चढत येणारी पावलं. एकसारखी, घाई नसलेली. अकरा. मग थांबली. चार सेकंद काहीच नाही. बारीकसं खाकरणं. किल्ल्यांची खुळखुळ. फोनजवळ कुणीतरी श्वास रोखला होता, तेही त्यांच्या तयार कानांनी टिपलं.

त्यांनी एका पावलाची हजार पावलं केली, जिन्याचा दगडी रस्ता केला, किल्ल्यांच्या खुळखुळीची चिलखतं केली. मधलं थांबणं तेवढं होतं तसंच ठेवलं.

शुक्रवारी तोच खेळाडू बसला. पावलं थांबली तिथे चिमट्याने एकशे अठरा दाखवले. पुढच्याच क्षणी त्याने किल्ल्याचं दार उघडून शरणागती पत्करली.

"अरे, अजून एक बाण सुटला नाही!" साहेब ओरडले.

"मारायचं तर मारा म्हणावं एकदाचं," कपाळ पुसत तो म्हणाला. "ते थांबणं सोसवत नाही."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. जिन्याचा मूळ आवाजही ऐकलेल्या मास्तरांनी वाजवल्या नाहीत. "बाई, हा आवाज टिपला कुणी?"

"माझ्या लेकीने."

"कुठल्या घरातून, ते विचारा तिला. त्या घरातली माणसं हा रोज ऐकत असणार."

"विचारते हो," बाई म्हणाल्या. कुणाच्या वाट्याला काय आलं असेल, या विचाराने त्यांचा जीव हळहळला.

साहेबांनी त्यांना चारलाच सोडलं. वाटेत त्यांनी लेकीसाठी हेडफोन घेतले, अगदी महागातले. जिन्याच्या तळाशीच वरून टीव्हीचा आवाज आला, आणि दोन माणसांचं खळखळून हसणं. शेजाऱ्यांकडे पाहुणे आले असावेत. त्या वर चढल्या. हसणं त्यांच्याच दाराआडून येत होतं. नवरा असा हसतो, हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

शेवटच्या पायरीवर त्या नेहमीप्रमाणे श्वास घ्यायला थांबल्या. घसा साफ केला. पर्समधून किल्ल्या काढल्या.

आतलं हसणं तुटलं. टीव्ही बंद झाला. लगबगीने चपला सरकल्या, पुस्तकाचं पान उलटलं, आणि मग दाराआड कुणीतरी श्वास रोखला.