दारातलं सरण

"माझ्या लेकीला काय झालं, तर तुझ्या दारात सरण रचीन, आक्के. ध्यानात ठेव," मच्छिंद्र म्हणाला.

नगरच्या त्या दवाखान्यातली सगळी बाकडी वळून बघायला लागली. रंगुबाईनं मान वर केली नाही. नात सृष्टी तिच्या मांडीवर पेंगत होती. काचेच्या दारापलीकडं सून राजेश्वरी बेशुद्ध पडली होती आणि तिचा नवरा ज्ञानेश्वर औषधांसाठी खालीवर करत होता. राजेश्वरी मच्छिंद्रची लेक. म्हणजे रंगुबाई तिची सासूही आणि सख्खी आत्याही. घरची पोर घरात राहील, म्हणून तिनं भावाची लेक हौसेनं मागून घेतली होती. आता तोच भाऊ चार पावणे पाठीशी घेऊन अंगावर आला होता.

"डोस्कं फुटंपतुर मारलीस तिला."

"म्या हात बी न्हाई लावला. हौदात घागर बुडवायला वाकली आन् पडली."

"वाकली आन् पडली," मच्छिंद्रनं वेडावून दाखवलं. "तुझ्या रेश्माची सासू बी हेच म्हनत हुती. तवा तुला पटलं हुतं का?"

रंगुबाईनं मांडीवरच्या सृष्टीला पदराआड ओढून घेतलं.

तिची लेक रेश्मा सासरच्या विहिरीत गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. झुंबरबाई, रेश्माची सासू, ऊर बडवून सांगत होती, पाणी शेंदायला वाकली आन् गेली वो बाई. ऐकतो कोण? माहेरची माणसं ट्रॅक्टर भरभरून गेली. रेश्माचं सरण त्यांनी स्मशानात नाही, झुंबरबाईच्या दारात रचलं. लाकडं वाहायला सगळ्यात पुढं मच्छिंद्र होता. धगीनं दाराची चौकट कोळसा झाली तरी कुणी पाणी मारू दिलं नाही. पुढं खटला उभा राहिला. रंगुबाईची साक्ष झाली, आणि झुंबरबाई आणि तिचा लेक, रेश्माचा नवरा वाल्मिक, दोघंही तुरुंगात गेले. म्हातारी सुटून आली. वाल्मिक अजून आतच होता. सणावाराला गोडधोड पुढ्यात आलं, की रंगुबाई आधी त्या घराच्या नावानं बोटं मोडायची आणि मग घास घ्यायची.

राजेश्वरीवर तिनं हात कधी उगारला नव्हता, हे खरं. जिभेला मात्र हाड नव्हतं. गेल्या कांद्याच्या हंगामापासून पोर सारखी डोकं धरून बसायची. वाकलं की डोकं फुटतं म्हणायची, आडवी झाली की उतरतं म्हणायची. एकदा खुरपता खुरपता पायांतलं बळच गेलं आणि ती वाफ्यात तोंडावर पडली. ते बघून रंगुबाई खुरपं टाकून तिच्याकडं धावली होती. पण तोंडातून बाहेर पडलं ते, "नाटकं करती भवानी." चार बायकांदेखत म्हणाली. बायकांनी ते तिच्या माहेरापर्यंत पोचवलं.

काचेचं दार उघडलं. मेंदूच्या डॉक्टर पंकजाबाई बाहेर आल्या. मच्छिंद्र त्यांची वाट अडवून उभा राहिला.

"मारलंय म्हनून लिवा, बाई. बाकीचं म्या बघतो."

"मारलेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "डोक्याची खोक पडल्यामुळे झाली आणि ती वरवरची आहे. खरं दुखणं आत आहे." त्यांनी हातातली फिल्म उजेडाकडं धरली. मेंदूच्या मधोमध बोराएवढा पांढरा ठिपका होता. "ही गाठ. कॅन्सरची नाही, साधीच आहे, पण बसलीय वाईट जागी. मेंदूत पाणी खेळतं, त्याच्या वाटेत. एरवी थोडं झिरपतं, पण वाकलं की बूच बसल्यासारखी वाट बंद होते. पाणी तुंबतं आणि माणूस कोसळतो. लाखात एखाद्याला होतं हे, म्हणून कुणाच्या लवकर ध्यानात येत नाही. नळी घालून पाणी काढलंय. उद्या दुर्बिणीनं गाठ काढू. वेळेत आणलंत. वाचेल ती."

मच्छिंद्र वाटेतून बाजूला झाला. पाठीमागचे पावणे हळूच जिन्याकडं सरकले. रंगुबाईला रडू फुटलं. लेक नव्हे ती, सूनच, पण जीव तिच्यासाठीही तुटला होता. आणि त्याहून जास्त, आपण सुटलो म्हणून ती रडत होती.

"आइकलंस? म्या वरडून वरडून सांगत हुते."

"अजून एक," डॉक्टर म्हणाल्या. "क्वचित हे एकाच रक्तात निघतं. तुमच्या घराण्यात असं कुणी होतं का? लहानपणापासून डोकं दुखायचं, वाकताना पडायचं, असं? असेल तर या मुलीचीही तपासणी करून घ्यावी लागेल. उशीर नको."

"न्हाई," मच्छिंद्र म्हणाला. "आमच्यात असलं कायबी न्हाई."

रंगुबाईनंही मान हलवायला घेतली होती. तेवढ्यात सृष्टी मांडीवरून उतरली आणि बाकड्याखाली गेलेली चप्पल घ्यायला वाकली. रंगुबाईनं झडप घालून तिला उचललं आणि पोटाशी घट्ट धरलं.

"हुतं," ती म्हणाली. "माझ्या रेश्माला. परकरात हुती तवापासनं. म्या कुनाला कळू दिलं न्हाई. कळलं असतं तर कोन करून नेनार हुतं तिला?"

साक्षीच्या दिवशी मच्छिंद्र कोर्टात बहिणीच्या पाठीमागंच बसला होता. झुंबरबाईच्या वकिलानं रंगुबाईला हाच प्रश्न विचारला होता, आणि देवाची शपथ घेऊन ती म्हणाली होती, "न्हाई."