सगळे आले

शंभर दिवस चांद्रछावणीत कोणी आजारी पडलं नाही, तर पृथ्वीवर परतणाऱ्या यानातली एकुलती एक जागा मुकादम भास्कर घोटगेला मिळणार होती. कोणी पडलंच, तर ती आजाऱ्याची. पंच्याऐंशीव्या दिवशी सुगंधा खोकत आली; ओठ सुजलेले, डोळे लाल.

भास्करने तिला आजारांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रासमोर उभं केलं. "यंत्राला खरं तेच सांग," तो म्हणाला, "पण आपल्या घरच्या बोलीत."

"तोंड आलंय. डोळेपण आलेत," सुगंधा भिंतीवरच्या आरोग्ययंत्राला म्हणाली.

पुस्तकी मराठी शिकलेलं यंत्र खूश झालं. "तोंड आले, डोळे आले. सुगंधा हजर!"

"साहेब, हे तर आजाराची हजेरी लावतंय!"

"तू खोटं बोललीस का? मग लाग कामाला."

पंधरा दिवस भास्कर आभाळाकडे बघत येरझारा घालत राहिला. यान उतरलं तेव्हा तोही खोकत होता, सुजलेले ओठ धड उघडत नव्हते.

मिरजेची वैमानिक शाहिदा मुजावर सुगंधाला पाहताच ओरडली, "अगं बाई, तोंड आलंय तुझं! डोळे, वर हा खोकला? छातीतल्या जंतूचा प्रताप आहे हा. चढ आत!"

"माझंही आलंय..." भास्कर कसाबसा पुटपुटला.

शाहिदाने त्याच्या हातात औषधाची डबी ठेवली. "पुढचं यान सहा महिन्यांनी, दादा."

जागा एकच होती. सुगंधा गेली, आणि भिंतीवरचं यंत्र आनंदाने म्हणालं, "तोंड आले. भास्कर हजर!"