आवडती खिचडी

पप्पांनी गंगापूर रोडला दुसरा संसार थाटला, तिथे छोटी जुई झाली, आणि आज चार वर्षांनी ते संजनाला दिवसभरासाठी वॉटर पार्कला घेऊन आले होते. बाईसाहेब नुसत्या हवेत! बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी, जेवणाचं कूपन तिकिटातच, त्यामुळे आईने दिलेला डबा गेटवरच राहिला. "दाणे नाहीत ना, विचारून घे गं बाई," आईने चारदा बजावलं होतं. पण संजनाला कसली काळजी? ती पाच वर्षांची असताना चिक्कीच्या एका तुकड्याने तिचा श्वास कोंडला, तेव्हा तिला उचलून अनवाणी दवाखान्यात धावले होते ते पप्पाच. तेव्हापासून कुठेही गेलं, की मेनूच्या आधी ते विचारायचे, "कूट नाही ना घातला?"

तेच ऐकायला ती ओल्या केसांनी बाकावर बसून काउंटरकडे कान लावून होती.

पप्पांनी कूपनं दिली, काहीच विचारलं नाही, आणि हसत हसत प्लेट तिच्यापुढे ठेवली. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचा कूट घातलेली, वरून तळलेले दाणे पेरलेली.

"थाळीपण होती, पण म्हटलं, आमच्या राणीला खिचडीच! त्यातले दाणे कशी वेचून वेचून खातेस तू!"

संजनाने प्लेट हळूच त्यांच्याकडे सरकवली.



"ती मी नाही, पप्पा. ती तुमची जुई."