इथला सातबारा

ॲम्ब्रोजने मरियामातेच्या तसबिरीमागून प्लास्टिकची पिशवी काढली आणि टेबलावर अशा थाटात ठेवली, की समोरच्या मुलीने हात जोडले असते तरी त्याला नवल वाटलं नसतं.

"हा आमचा इथला सातबारा," तो म्हणाला.

मुलगी म्हणजे अपूर्वा, पुण्याची, इथे कॅनडात घरं विकून देण्याचं काम करणारी. तिला बोलवावं लागलं, कारण त्याच्या बायकोच्या, सुझानच्या गुडघ्यांनी दारातल्या तीन पायऱ्यांपुढे हात टेकले होते. त्यांच्या लेकीजवळ, वॉटर्लूला, लिफ्ट असलेल्या बिल्डिंगमधला कॉन्डो ॲम्ब्रोजने बुक करून टाकला होता. होती नव्हती ती शिल्लक डिपॉझिटमध्ये गेली. बाकीचे पैसे हे घर देणार होतं. टोरोंटोतल्या मित्राचं, लिओनेलचं घर बारा वर्षांत तिप्पट झालं, मग ह्या घराने काय घोडं मारलं होतं?

घर म्हणजे मोबाइल होम, कारखान्यात बांधून इथे आणून ठेवलेलं. लांबट, बुटकं, अशाच घरांच्या ह्या पार्कमधल्या इतर साठ घरांसारखंच. पण पुढे अंगण होतं, अंगणात ॲम्ब्रोजने लावलेलं सफरचंदाचं झाड होतं, आणि दर रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर तो कॉन्डोवाल्यांना ऐकवायचा, "तुम्ही हवेत राहता. आपली जमीन आहे."

अपूर्वाने कागद वाचला. पान उलटलं. पुन्हा पहिल्या पानावर आली.

"अंकल, हा लीज आहे. भाडेकरार."

"कसला भाडेकरार? घर माझं आहे."

"घर तुमचंच. जमीन पार्कवाल्यांची. तुम्ही दर महिन्याला लॉट रेंट भरता ना?"

"तो मेंटेनन्स," ॲम्ब्रोज हसला. "सोसायटीत भरतात तसा. वसईत माझा भाऊपण भरतो."

अपूर्वा हसली नाही. "ते जागेचं भाडं आहे, अंकल. आणि घर तीस वर्षांचं. एवढ्या जुन्यावर बँका सहसा लोन देत नाहीत, कॅशवाला बायर शोधावा लागेल. तुम्ही घेतलंत त्याहून कमीच येतील. कॉन्डोचे बाकीचे पैसे कधी भरायचेत, क्लोजिंग कधी आहे?"

"मार्चमध्ये," सुझान म्हणाली.

बारा वर्षांपूर्वी वकिलाने बोट ठेवलं तिथे ॲम्ब्रोजने सही केली होती, आणि कागद थेट मरियामातेच्या हवाली केला होता. त्याने सुझानकडे पाहिलं. ती कपाची कड अंगठ्याने पुसत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"दर महिन्याला चेक मीच लिहिते."

"मग बोलली का नाहीस?"

"वसईच्या वाडीतला हिस्सा विकलात, तेव्हा तीन दिवस अन्नाला शिवला नव्हतात तुम्ही. इथे आल्यावर ते झाड लावलंत आणि पोटभर जेवलात. मी कुठल्या तोंडाने सांगणार?"

"आणि कॉन्डोचं डिपॉझिट?"

"ते भरून आल्यावर सांगितलंत मला."

अपूर्वाला तिथे बसवेना. ती हळूच म्हणाली, "घर विक्रीला लावायला, लिस्टिंगसाठी, त्याचा सिरियल नंबर लागेल, अंकल. खाली फ्रेमवर असतो."

ॲम्ब्रोज जॅकेट न घालताच बाहेर गेला. बर्फात गुडघे टेकून त्याने घराच्या बुडाशी ठोकलेला पत्रा स्क्रूड्रायव्हरने उचकटला. दर समरला तो ह्या पत्र्याला रंग द्यायचा. त्याच्यामागे काय आहे ते बघायची गरज कधी पडली नव्हती. त्याने फोनचा उजेड आत धरला.

"सापडला का?" दारातून सुझानने विचारलं.

आत, गंजलेल्या आसांवर, ओळीने चाकं होती. कारखान्यातून इथवर एकदाच धावलेली. टायरच्या कडांवरचे रबराचे बारीक केससुद्धा अजून झडले नव्हते.