गिरणीच्या दारातली पाटी

मनकर्णाबाई आजही गिरणीच्या दारात येऊन बसली. लागोपाठ तिसरा दिवस. उजवा हात प्लास्टरात, गळ्यात अडकवलेला. डोक्यावर धानाचं बोचकं घेऊन कुणी बाई दारात आली, की ती डाव्या हाताने तिला थांबवायची आणि काहीतरी सांगायची. ऐकणारी बाई मान वळवून यादोरावांच्या खिडकीकडे पाहायची आणि मगच आत यायची.

यादोराव गिरणीचे मालक. मोहाडीत त्यांच्याकडे असं कुणी पाहिलेलं नव्हतं. ही बया सांगते तरी काय, या विचाराने त्यांना जेवण गोड लागेना. खिडकीला कान लावून झाला, पण इंजिनाच्या धडधडीत एक शब्द कळेल तर शपथ.

कोर्टात जायला साक्षीदार जमवत असेल? जमवू दे. दारातली पायरी तुटली तेव्हाच भंडाऱ्याच्या मधुकरराव वकिलांनी सांगितलं होतं, ठळक पाटी लावा, मग तुम्हाला कुणी हात लावू शकत नाही. यादोरावांनी त्याच आठवड्यात पेंटर बोलावला. गवंडी बोलवायचा तेवढा राहून गेला. पुढे मनकर्णाबाई त्या पायरीवरून बोचक्यासकट पडली, मनगट मोडलं. यादोरावांनी आधी तिला पाटी दाखवली, खणखणीत आवाजात वाचूनही दाखवली आणि मग बंडी जुंपून दवाखान्यात धाडलं. माणुसकीत आपण कुठे कमी पडलो, असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं.

आज दुपारी मात्र त्यांना राहवेना. पट्टा ढिला झालाय असं सांगून त्यांनी इंजिन बंद करायला लावलं आणि कान टवकारले. गिरणी एकदम गप्प झाली. तीन दिवस इंजिनावर आवाज चढवून बोलणारी मनकर्णाबाई त्याच सुरात ओरडत होती. तिचं शेवटचं वाक्य साऱ्या रांगेला ऐकू आलं.

“अन् लागलं त मालक जबाबदार नाही!”

रांगेतल्या बायका खिडकीकडे पाहू लागल्या. यादोरावांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ते तरातरा दाराशी आले.

“काहून बदनामी करून राहिली माही?”

मनकर्णाबाईने उत्तर देण्याआधी डावा हात त्यांच्या पायापुढे आडवा धरला. रागाच्या भरात त्यांचा पाय नेमका तुटक्या पायरीवर पडत होता.

“बदनामी कायची जी, मालक? पायरी तुटली आहे, जपून उतरा, लागलं त मालक जबाबदार नाही. तुमचीच पाटी सांगून राहिली. मले त पडल्यावर कळली. बाकीच्या बायकायले पडायच्या आंधी कोन वाचून दाखवन?”