काळ्या खोळीतली पिशवी

पिशवी आली ती काळ्या कापडाच्या खोळीत. नळीही तशीच झाकलेली. सिस्टरने ती सळईला अडकवली, नळी जितेंद्रच्या हाताला जोडली आणि कागदावर वेळ टिपली: अकरा वाजून वीस मिनिटे.

जितेंद्र निपचित पडला होता. मीरा रोडच्या बांधकामावर सकाळी आठला परांचीची फळी निसटून त्याच्या डोक्यावर आली, तेव्हापासून त्याने डोळा उघडला नव्हता.

सही घेण्यापूर्वी डॉक्टर हंसाबेननी सारे समजावून सांगितले होते. डोक्याला मार बसला की रक्ताची गोठण्याची शक्ती कमी होते. अशा वेळी दात्याच्या रक्तातला पिवळा द्रव, म्हणजे प्लाझ्मा, ताबडतोब चढवला तर मेंदू वाचतो, की उलट सूजच वाढते, हे अजून कोणालाच ठाऊक नाही. म्हणून ही चाचणी. बंद पाकीट फोडायचे आणि त्यात निघेल ते द्यायचे. निम्म्या रुग्णांना प्लाझ्मा, निम्म्यांना मिठाचे पाणी. बाकीचे उपचार सर्वांना सारखेच. कोणाला काय मिळाले हे पिशवी भरणाऱ्या एका माणसावाचून कोणालाही कळता कामा नये, अगदी डॉक्टरांनाही.

जितेंद्रच्या वडिलांना, आत्मारामांना, हे दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. डिप्लोमा घेतल्यापासून निवृत्तीपर्यंत एकतीस वर्षे त्यांनी कारखान्यात सुट्या भागांची मापे तपासली होती. तुलनेला काही ठेवल्याशिवाय केलेली तपासणी म्हणजे नुसता अंदाज, असे ते नव्या माणसांना बजावत. त्यांनी कागद पूर्ण वाचला, ‘वडील’ या शब्दापुढे सही केली आणि खाली तारीख घातली.

त्यांच्या सुनेने, रसिकाने, त्या सगळ्यातून एकच गोष्ट उचलली होती. प्लाझ्मा मिळाला तर जितेंद्र उठेल.

“बाबा, ते बर्फासारखं गोठलेलं येतं ना?” ती हळूच म्हणाली. “कोमट पाण्यात ठेवून पातळ करतात, डॉक्टर म्हणाल्या. मग हाताला कोमट लागेल की. तुमचा हात कधी चुकत नाही. बघा ना.”

तिने पिशवीकडे हात नेला आणि मध्येच मागे घेतला.

“मला आत्ता नका सांगू. मी नाक्यावरून आईला फोन करून येते. आल्यावर सांगा.”

ती गेली. पिशवीला हात लावणे म्हणजे चाचणीत ढवळाढवळ, हे आत्मारामांना पुरते कळत होते. तरी ते उठले. तळवा खोळीवर टेकवला. गार. कोणतेही माप तीनदा घ्यायचे, ही त्यांची जुनी शिस्त. त्यांनी आणखी दोनदा हात लावून पाहिला. तिन्ही वेळा गारच.

थोड्या वेळाने हंसाबेन आल्या. त्यांनी जितेंद्रच्या पापण्या उचलून बॅटरीचा उजेड पाडला आणि नोंद लिहायला घेतली. आत्माराम खालच्या आवाजात म्हणाले, “डॉक्टर, तुमच्या कामात एक दोष राहिलाय. पुढच्या वेळी दोन्ही पिशव्या सारख्याच कोमट करून आणा. हाताला फरक कळतो.”

डॉक्टरांचे पेन थांबले. त्यांनी पिशवीकडे पाहिले, मग आत्मारामांकडे.

“काका, कशाने गुण येईल ते आम्हाला खरंच माहीत नाय.”

“म्हणून तर सही केली. एवढं लिहून घ्या.”

हंसाबेननी लिहून घेतले. जाताना दोन पावलांवर थांबल्या, पिशवीकडे पुन्हा एकदा पाहिले आणि बाहेर पडल्या.

आत्मारामांनी खुर्ची सळईजवळ ओढली. पण बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी पिशवी दोन्ही तळव्यांत धरली. हात भरून आले, तसा त्यांनी एक कोपर खुर्चीच्या पाठीवर टेकवला. पकड मात्र सोडली नाही.

दाराशी चपला काढल्याचा आवाज झाला. रसिका आत आली. सासऱ्यांना तसे उभे पाहून तिची पावले अडली. मग पुढे होऊन तिने आपली बोटे त्यांच्या तळव्याखाली, खोळीवर सरकवली. बराच वेळ तशीच ठेवली.

“कोमट आहे,” ती म्हणाली. “कोमटच आहे ना, बाबा?”

“आईला लागला का फोन?” आत्मारामांनी विचारले आणि तळवे पिशवीभोवती तसेच ठेवले.